सही नसलेली अर्धी जमीन : करारपूर्तीच्या एका दाव्याचा अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यातलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गाव आणि गट नंबर गाळलेत, रकमा आणि तारखा थोड्या इकडेतिकडे केल्यात. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवलाय. आमच्या पक्षकाराने साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून द्यायचा लेखी करार केला, विक्रेता फिरला, जमीन तिसऱ्यालाच विकली गेली आणि मग 'खरेदीखत करून द्या' असा हुकूम मागायला आम्ही कोर्टात गेलो. ४० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) मागितले, २० आर मिळाले. उरलेले २० आर कोर्टात गेले नाहीत. ते साठेखतावर सह्या झाल्या त्या दिवशीच गेले होते. हे प्रकरण लिहायचं कारण तेवढंच.

पार्श्वभूमी

खरेदीदार निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू. शेजारच्या तालुक्यात वडिलोपार्जित शेती असल्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला होता. म्हणजे कूळकायद्याच्या कलम ६३ ची, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही ही अडचण नव्हती. जमीन राज्यमार्गाला लागून, जिरायत, भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी), क्षेत्र ४० आर. सातबाऱ्यावर दोन नावं होती, विक्रेता भाऊ आणि त्याची सासरी असलेली बहीण. वडील २०१६ मध्ये गेले, वारसनोंदीचा फेरफार झाला, पण वाटप झालेलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये व्यवहार ठरला. मोबदला ४२ लाख, इसार ७ लाख धनादेशाने. आणखी १ लाख रोख गेले, त्याची पावती नाही. "एवढ्यासाठी काय पावती मागायची" म्हणून. साठेखत ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीपुढे. मुदत सहा महिने, म्हणजे १० ऑगस्टपर्यंत. त्याआधी विक्रेत्याने दोन कामं करायची होती. हद्द कायम मोजणी (जमिनीच्या सीमा नक्की करणारी सरकारी मोजणी) करून घ्यायची आणि बहिणीची संमती आणायची. ताबा खरेदीखताच्या वेळी. साठेखतावर बहिणीची सही नव्हती. एका कलमात एवढंच लिहिलं होतं : "सहहिस्सेदार बहिणीची सही खरेदीखताच्या वेळी घेऊन देण्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील."

असं वाक्य आमच्याकडच्या निम्म्या साठेखतांत सापडेल. त्यावर विश्वास का बसतो तेही कळतं. भाऊ ओळखीचा असतो, बहीण राखीपौर्णिमेला येऊन जाते, आणि "ती माझ्या शब्दाबाहेर नाही" हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारणं अपमानासारखं वाटतं.

अडचण कुठे आली

एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणीची प्रकरणं रखडली. मोजणी झाली ती जुलैत. त्या दिवशी गुरुजी बांधावर हजर होते आणि लगतचे खातेदारही. ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच लेखी महत्त्वाची नव्हती.

त्याच सुमारास रस्ता चौपदरी होणार ही बातमी पक्की झाली आणि रस्त्याकडच्या जमिनींचे भाव चढले. विक्रेत्याचे फोन कमी झाले. ३ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर त्याचा निरोप आला : "गुरुजी, ताईचं अजून ठरत नाही. दिवाळीपर्यंत दम धरा, मी कुठं पळून जात नाही."

गुरुजी थांबले, पण नुसते थांबले नाहीत. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्याने सांगितलं, "मुदत संपायच्या आत एक कागद पाठवून ठेव." म्हणून ९ ऑगस्टला त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं. उरलेले ३५ लाख तयार आहेत, तुमच्या दोन अटी पुऱ्या झाल्या की कधीही दुय्यम निबंधक कार्यालयात येतो. पोहोचपावती सहीनिशी परत आली. वकिलाच्या नोटिशीची भाषा त्यात नव्हती, आणि पुढे कोर्टात तेच जास्त खरं वाटलं.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विक्रेत्याच्या वकिलाची नोटीस आली. मुदत हा कराराचा गाभा होता, तुम्ही ठरल्या वेळी रक्कम आणली नाही, करार रद्द, इसार जप्त. डिसेंबरच्या मध्याला गुरुजींनी सहज ऑनलाइन सातबारा काढला तर त्यावर प्रलंबित फेरफार दिसला. भाऊ आणि बहीण दोघांनी मिळून लगतच्याच एका खातेदाराला ६१ लाखांना नोंदणीकृत खरेदीखत करून दिलं होतं.

समोर कोणते पर्याय होते

गुरुजी आमच्याकडे आले तेव्हा त्यांना चौघांनी चार सल्ले दिलेले होते.

पहिला सल्ला फौजदारीचा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, आत टाकलं की ताळ्यावर येईल. हा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि बहुतेकदा सगळ्यात निरुपयोगी. करार करतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. भाव वाढल्यावर मन फिरणं हा करारभंग झाला, तेवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नका, हे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं बजावत आलं आहे.

दुसरा सल्ला फेरफाराला हरकत घ्यायचा. ती गुरुजींनी आधीच घेतली होती. नोंद तक्रारी रजिस्टरला गेली, सुनावणी झाली आणि मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. ते बरोबरच होतं. नोंदणीकृत खरेदीखत समोर असताना महसूल अधिकारी मालकीचा निवाडा करत नाही. तिथून प्रांत, तिथून अप्पर जिल्हाधिकारी असं अपील करत बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत. तेवढ्यात दिवाणी दाव्याची मुदत निघून जाते.

तिसरा सल्ला गुरुजींच्या मुलाचा. तो पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, "बाबा, ७ लाख व्याजासकट मागा आणि विषय संपवा." हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. परताव्याचा दावा सोपा होता आणि जिंकण्याची खात्री जवळपास पक्की. पण त्या पैशात त्या रस्त्यावर निम्मीही जमीन आता मिळाली नसती.

चौथा सल्ला असा की आधी नुसता मनाईचा दावा टाका, म्हणजे कोर्ट फी वाचेल, करारपूर्तीचं नंतर बघू. हा मोह मोठा असतो, कारण करारपूर्तीच्या दाव्यात फी पूर्ण मोबदल्यावर लागते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २ नियम २ इथे आडवा येतो. एकाच कारणातून मागता येणारी दाद मागितली नाही आणि ती राखून ठेवायची कोर्टाची परवानगीही घेतली नाही, तर नंतर तीच दाद मागता येत नाही. करार मोडला गेलेला असताना फक्त मनाई मागणाऱ्या एका खरेदीदाराचा नंतरचा करारपूर्तीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्हर्गो इंडस्ट्रीजच्या प्रकरणात याच मुद्द्यावर बाद ठरवला होता.

राहिला करारपूर्तीचा दावा. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं होती. पण तीन वर्षं आहेत म्हणून तीन वर्षं बसायचं नसतं. जमिनीचे भाव चढत असताना खरेदीदार स्वस्थ बसला तर कोर्ट त्याच्याकडे साशंक नजरेने बघतं, हे १९९७ च्या विद्यानदम आणि २०११ च्या सरदामणी कंदप्पन या निकालांपासून पक्कं आहे. नोटीस नोव्हेंबर २०२१ ची, आम्ही जानेवारी २०२२ मध्ये वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे दावा दाखल केला.

दावा कसा मांडला

साठेखत २०२१ चं असल्यामुळे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमधली, म्हणजे करारपूर्तीच्या कायद्यातली, २०१८ ची दुरुस्ती लागू होती. ती १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आली. त्याआधी करार सिद्ध झाला तरी करारपूर्ती द्यायची की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर असायचं, आणि विक्रेता 'माझ्यावर अन्याय होईल' म्हणत कलम २० चा आधार घ्यायचा. आता तो दरवाजा बंद आहे. भाव वाढले ही विक्रेत्याची सबब उरत नाही. कलम १६ मात्र जागच्या जागी आहे. आपण करार पाळायला सुरुवातीपासून तयार आणि राजी होतो हे खरेदीदारालाच सिद्ध करावं लागतं. तयार म्हणजे ऐपत, राजी म्हणजे वागणूक. दोन्ही वेगवेगळं दाखवावं लागतं.

दाव्यात मागण्या जरा जास्त वाटतील इतक्या घातल्या, आणि प्रत्येकीला कारण होतं. रद्द करण्याची नोटीस बेकायदा आहे असं जाहीर करून मागितलं, कारण २०१३ च्या सिकंदर निकालानंतर ही मागणी नसली की विरुद्ध पक्ष पहिला हल्ला तिथेच करतो. ताबा आणि वाटप याच कायद्याच्या कलम २२ खाली स्पष्ट मागितलं. शेजाऱ्याचं खरेदीखत आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागितलं. पूर्ण ४० आर मागितले, पर्यायाने भावाचा हिस्सा मागितला, आणि तेही नाही तर इसार व्याजासह परत.

रोख दिलेल्या १ लाखाचं काय करायचं यावर घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, उल्लेखच नको, आयकराचं झंगट मागे लागेल. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं २०१५ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएस मध्ये बसत नव्हतं, आणि दंड घेणाऱ्याला व्हायचा. आम्ही दाव्यात खरं तेच लिहिलं. लपवलेली रक्कम उलटतपासात बाहेर आली असती तर बाकीच्या पुराव्यावरही डाग पडला असता. एप्रिल २०२५ पासून तर दाव्यात २ लाख किंवा अधिक रोखीचा उल्लेख आला की कोर्टाने आयकर विभागाला कळवावं असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.

दावा दाखल झाल्याबरोबर वादाची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकांकडे नोंदवली. मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे ही नोंद महत्त्वाची आहे. नुसता दावा चालू आहे एवढ्यावर विसंबू नये. शेजाऱ्याने जमीन पुढे विकू नये, बांधकाम करू नये यासाठी जैसे थे आदेश मिळाला.

पुरावा

पहिला अडथळा साठेखतच. ते पुराव्यात दाखल करायला गेलो तेव्हा मुद्रांक कमी असल्याची हरकत आली. नोंदणी नसलेलं साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं, नोंदणी कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकात तशी सोय आहे. मुद्रांकाची हरकत मात्र वेगळी. दस्त अडकवून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, त्यांनी तूट ठरवली, ती आणि दरमहा २ टक्क्यांनी दंड गुरुजींनी भरला. त्यात कित्येक महिने गेले. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २०सी प्रमाणे असा दावा समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत आणि फार तर आणखी ६ महिन्यांत निकाली निघायला हवा. आमच्या तालुक्याच्या कोर्टात ते कलम अजून पोहोचायचं आहे.

पैशांच्या तयारीचा पुरावा मात्र नेटका होता. गुरुजींच्या मुदत ठेवी २० लाखांच्या, त्यांतल्या दोन त्यांनी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात मोडून रक्कम बचत खात्यावर ठेवली होती. व्याज बुडालं, पण पासबुकातल्या त्या दोन ओळी फार उपयोगी पडल्या. मुलाची म्युच्युअल फंडातली गुंतवणूक १२ लाखांची, तिची विवरणपत्रं. राहिले ३ लाख. ते मेव्हणे देणार होते. उलटतपासात नेमका याच ३ लाखांवर भर आला. "हे पैसे तुमचे नव्हतेच ना?" गुरुजी म्हणाले, "नव्हते. पण मेव्हण्याचे होते आणि मेव्हणा माझा आहे." कोर्टात हशा पिकला. तेवढ्यावर मात्र आम्ही थांबलो नाही. मेव्हण्यांना साक्षीला आणलं आणि त्यांचा त्या महिन्याचा खातेउतारा दाखल केला. रोकड हातात असावीच लागते असं नाही, पण ती कुठून येणार होती ते कागदावर दिसावं लागतं.

मुदतीचा मुद्दा त्या व्हॉट्सॲप निरोपाने निकालात निघाला. फोन जपून ठेवला होता, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चं प्रमाणपत्र जोडलं होतं (आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३). ज्याने स्वतःच 'दिवाळीपर्यंत दम धरा' म्हटलं, त्याला १० ऑगस्टची मुदत हा कराराचा गाभा होता असं म्हणता येईना. शिवाय अटी आधी त्याने पुऱ्या करायच्या होत्या.

खरी लढाई शेजाऱ्याशी. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम १९ प्रमाणे नंतरच्या खरेदीदारावरही करार बजावता येतो. अपवाद एकच, त्याने मोबदला देऊन, सद्भावाने आणि आधीच्या कराराची माहिती नसताना जमीन घेतलेली असली पाहिजे. माहिती नव्हती हे दाखवायचा भार त्याच्यावर. साठेखत नोंदलेलं नसल्यामुळे शोध घेतला तरी इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत, ते दिसणार नव्हतं, आणि त्याचं म्हणणं तेच होतं. गुरुजींच्या तेव्हाच्या वकिलाने स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली होती. तिच्यावर शेजारी म्हणाला, मी पेपर वाचत नाही. नुसत्या जाहीर नोटिशीवर कोर्टही सहसा भिस्त ठेवत नाही.

मग मोजणीचं प्रकरण मागवलं. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून प्रमाणित नकला आल्या. त्यात जुलै २०२१ चा लगतच्या खातेदारांचा जबाब होता. एक पानी छापील नमुना, खाली निळ्या शाईत चार सह्या, त्यांतली तिसरी या शेजाऱ्याची. मजकुरात हस्ताक्षरात एक ओळ होती : मोजणी "खरेदी-विक्रीकामी" असून घेणार इसम जागेवर हजर आहेत. हजर असलेल्यांत गुरुजींचं नाव.

उलटतपासात ते पान त्याच्या हातात दिलं.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"घेणार इसम कोण होते?"

"गुरुजी होते."

"मग तुम्ही जमीन घेण्याआधी गुरुजींना विचारलं?"

"नाही. मालक म्हणाला, त्यांचं फिसकटलं."

फिसकटलं हे कळायला आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. आम्ही पुढचा प्रश्न विचारला नाही.

अवघड निर्णय : अर्ध्यावर यायचं की नाही

बहिणीची साक्ष साधी आणि खरी होती. "दादाने मला विचारलंच नव्हतं. मला समजलं तेव्हा जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक होता, मी सही केली." तिच्यावर करार बंधनकारक कसा म्हणणार? सही नाही, मुखत्यारपत्र नाही, इसारातला पैसा तिला मिळाल्याचा पुरावा नाही. तिचा अर्धा हिस्सा हातातून गेला हे युक्तिवादाच्या आधीच स्पष्ट झालं.

मग स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम १२ चं उपकलम ३ समोर आलं. करार पूर्ण पाळता येत नसेल तर जेवढा पाळता येतो तेवढा खरेदीदार मागू शकतो. पण त्याची किंमत आहे. उरलेल्या भागावरचा हक्क सोडावा लागतो आणि नुकसानभरपाईचाही. शिवाय सुटणारा भाग पैशांत भरून येण्यासारखा असेल तर मोबदला त्या प्रमाणात कमी होतो. नसेल तर अर्ध्या जमिनीला पूर्ण किंमत मोजावी लागते. विक्रेत्याच्या वकिलाने नेमकं हेच धरलं : अर्धी जमीन हवी तर ४२ लाख पूर्ण भरा.

घरात दोन मतं पडली. मुलाचं म्हणणं, भरपाईचा हक्क सोडला आणि अपिलात अर्धीही गेली तर हातात काय? गुरुजींचं म्हणणं, भरपाई म्हणून जे मिळेल त्यात या रस्त्यावर मला गुंठाही मिळणार नाही. कायद्याने ही सोडचिठ्ठी दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर देता येते. त्यामुळे आम्ही ती सुरुवातीला दिली नाही. बहिणीची साक्ष संपेपर्यंत वाट पाहिली आणि अंतिम युक्तिवादाच्या वेळी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. आधी दिली असती तर शेजाऱ्याला वाटाघाटीत आमचा शेवटचा आकडा पहिल्या दिवशीच कळला असता.

निकाल आणि त्यानंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल लागला. बहिणीविरुद्ध दावा फेटाळला. भावाच्या अर्ध्या हिश्शाची करारपूर्ती मंजूर झाली. जमीन एकजिनसी असल्यामुळे सुटणारा भाग पैशांत मोजता येतो असं धरून मोबदला २१ लाख ठरला. त्यातून पावतीचे ७ लाख वजा. रोख १ लाखाची वजावट मिळाली नाही, पावतीच नव्हती. म्हणजे १४ लाख दोन महिन्यांत कोर्टात जमा करायचे आणि खरेदीखतावर विक्रेत्यासोबत शेजाऱ्यानेही सही करायची. नंतरच्या खरेदीदाराला दस्तात सामील करून घ्यायचा हा नमुना सर्वोच्च न्यायालयाने दुर्गाप्रसाद प्रकरणात १९५३ मध्ये घालून दिला, तो आजही चालतो.

विक्रेता आणि शेजारी दोघांनी अपील केलं. अशा वेळी खरेदीदार हमखास म्हणतो, अपील लागलंय, पैसे कशाला भरायचे? इथे थांबणं धोक्याचं. अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नसतं. मुदतीत रक्कम भरली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २८ खाली विक्रेता करारच रद्द करून मागू शकतो. गुरुजींनी दुसऱ्याच आठवड्यात १४ लाख भरले. त्या चलनाची नक्कल दाखवल्यावर अपिलातल्या स्थगितीच्या अर्जातला जोर गेला.

मग शेजारी मध्यस्थीला तयार झाला. त्याच्याकडे बहिणीचा हिस्सा कायम होता, म्हणजे आता तो आणि गुरुजी सहहिस्सेदार. प्रश्न एकच उरला, रस्त्याकडची बाजू कुणाला? रुंदी ४४ मीटर होती. आडवं वाटप केलं तर मागच्याच्या जमिनीची किंमत निम्म्यावर येणार होती. शेवटी उभं वाटप ठरलं, प्रत्येकी २२ मीटर रस्त्याला. तुकडेबंदीतही, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी करणाऱ्या कायद्यातही, ते जेमतेम बसलं, कारण २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० आर आहे. ३९ आर असते तरी अडलं असतं. शेजाऱ्याने अपील मागे घेतलं आणि २०२५ मध्ये खरेदीखतावर सही केली. विक्रेता आलाच नाही. आदेश २१ नियम ३४ प्रमाणे त्याच्या वतीने कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने सही केली. त्याचं अपील अजून चालू आहे, पण त्यात स्थगिती नाही.

एक खर्च गुरुजींनी धरलेला नव्हता. मुद्रांक शुल्क २०२१ च्या भावावर लागेल असं त्यांना वाटत होतं. ते लागलं दस्त नोंदवतानाच्या बाजारमूल्यावर, चालू रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकाप्रमाणे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. दावा जितकी वर्षं चालेल तितका हा आकडा वाढतो.

शेजाऱ्याने ६१ लाखांतला भावाच्या वाट्याचा निम्मा परत मिळावा म्हणून विक्रेत्यावर वेगळा दावा टाकला आहे. विक्रेत्याने ते पैसे बंगल्यात घातलेत.

काय वेगळं करता आलं असतं

बहिणीची सही साठेखतावर पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती. ती मिळत नव्हती तर भावाच्याच हिश्शाचं साठेखत २१ लाखांना करता आलं असतं. शेवटी मिळालं तेच, फक्त जवळपास चार वर्षं आधी आणि कमी मुद्रांकात.

साठेखत नोंदवायला हवं होतं. नोंदणी फी मोबदल्याच्या १ टक्का, तेव्हा जास्तीत जास्त ३० हजार. मुद्रांकाचं काय लागतं ते आधीच ठरून गेलं असतं. नोंदणी म्हणजे कायद्याच्या नजरेत माहितीच. शेजाऱ्याच्या वकिलाच्या शोधात दस्त निघाला असता आणि बहुधा ते खरेदीखत झालंच नसतं. मोजणीच्या जबाबावर ती निळ्या शाईतली सही सापडली हा नशिबाचा भाग होता. लगतच्या गावातल्या कुणी जमीन घेतली असती तर आमच्या हातात जाहीर नोटिशीचं कात्रण तेवढं राहिलं असतं.

दावा थोडा आधी आला असता का? ३ ऑगस्टच्या निरोपानंतर लगेच दावा टाकला असता तर शेजाऱ्याचा व्यवहार कदाचित टळला असता. पण तेव्हा विक्रेत्याने नकार दिलेला नव्हता, मुदत मागितली होती. त्या क्षणी गुरुजींनी वकिलाकडे न जाता स्वतः पत्र लिहिलं, आणि ते पत्र नसतं तर 'राजी होतो' हे सिद्ध करताना आमची दमछाक झाली असती. दिवाळीनंतर मात्र दर आठवड्याला सातबारा बघायला हवा होता. ऑनलाइन दिसतो, पैसे लागत नाहीत. वाढीव मुदत संपल्यासंपल्या वकिलामार्फत खरेदीखताची मागणी केली असती, तर डिसेंबरच्या खरेदीखताआधी तात्पुरत्या मनाईचा अर्ज कोर्टापुढे असता.

परताव्याचा मार्ग धरला असता तर काय झालं असतं, हे मुलगा अजून विचारतो. ७ लाख व्याजासकट एक-दोन वर्षांत परत आले असते आणि कोर्टाच्या तारखाही वाचल्या असत्या. ज्याला जमीन गुंतवणूक म्हणून हवी आहे त्याला आम्ही आजही तोच मार्ग आधी सांगतो. गुरुजींना तिथे रोपवाटिका काढायची होती. खड्ड्यांची आखणी झाली आहे, विहिरीचं पाणी अर्धं अर्धं घ्यायचं की नवी बोअर मारायची यावर शेजाऱ्याशी बोलणी चालू आहेत.